चेंबर तीनमधली उघडी नोंद

१

काष्टीजवळच्या एका शीतगृहाचं काम मनवानं तीन दिवसांचं म्हणून घेतलं होतं. दोन दिवस ते अगदी सरळ चाललं, आणि तसंच संपलं असतं तर ही हकीकत सांगायचं कारणच पडलं नसतं.

मनवा धर्माधिकारी नगरच्या सावेडीतली. एखाद्या कारखान्याच्या, दवाखान्याच्या, दूधसंघाच्या कॉम्प्युटरवर नोंदींचा ढीग साचून तो चालेनासा झाला, की तिला बोलावणं यायचं. तू नक्की करतेस काय, असं तिच्या वडिलांनी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, भरलेल्या कपाटातले जुने कागद मोजून दुसऱ्या कपाटात लावते, आणि सगळे पोचले याची खात्री झाली की मगच पहिलं कपाट रिकामं करते. वडील चाळीस वर्षं शिक्षक होते, त्यांना ते लगेच पटलं. दोन्हीकडचे आकडे जुळेपर्यंत मात्र तिला चैन पडत नसे. जेवताना, केस विंचरताना, रिक्षात बसल्यावर तिच्या डोक्यात तो न जुळलेला आकडा फिरत राहायचा.

शीतगृहात चार चेंबर होते. तीन नंबरच्या चेंबरमध्ये डाळिंबं, बाकीच्यांत लिंबं आणि द्राक्षं. प्रत्येक चेंबरमधलं तापमान दर दहा सेकंदांनी कॉम्प्युटरवर नोंदलं जायचं. आणि आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कमरेला एक बिल्ला असायचा. माणूस दारातून आत गेला की नोंद उघडायची, बाहेर आला की मिटायची, आणि मधल्या वेळात तो बिल्ला दर दहा सेकंदांनी मी इथं आहे, मी इथं आहे असं सांगत राहायचा. थंडीत कुणी चक्कर येऊन पडलं तर बाहेरच्यांना कळावं म्हणून ही सोय.

सात वर्षांत या सगळ्याच्या छत्तीस कोटी ओळी एकाच टेबलात, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या एकाच तक्त्यात, साठल्या होत्या. तापमानाचा साधा आलेख उघडायला सात मिनिटं लागत. गेल्या महिन्यात एका चेंबरची थंडी गेली तेव्हा भोंगा पाऊण तास उशिरा वाजला आणि डाळिंबांचे दीडशे क्रेट काळे पडले. सोमवारपासून नवा माल यायचा होता. त्याच्या आत चालू टेबल हलकं करून जुन्या ओळी दुसऱ्या टेबलात नेऊन ठेवायच्या, एवढं मनवाचं काम.

शीतगृहाचे व्यवस्थापक कल्याण दरेकर काष्टीचेच, चाळिशीतले, कमी बोलणारे. त्यांनी तिला एकच अट घातली. ज्याची बाहेर आल्याची नोंद नाही, त्याची एकही ओळ हलवायची नाही.

"कारण तो माणूस आत असतो," ते म्हणाले. "आतल्या माणसाला जुन्यात टाकता येत नाही."

अट रास्त होती. मनवानं ती तशीच्या तशी लिहून घेतली.

२

पन्नास हजार ओळी उचलायच्या, दुसऱ्या टेबलात ठेवायच्या, दोन्हीकडे मोजायच्या, आकडा जुळला तरच पहिल्या टेबलातून पुसायच्या. हे चक्र मनवानं सुरू करून दिलं आणि ते आपलं आपण फिरत राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसात आली तेव्हा चक्र थांबलेलं होतं. काम संपल्याचा निरोप पडद्यावर होता. तिनं सवयीनं मोजलं. तीन महिन्यांच्या मागची एकही ओळ चालू टेबलात उरायला नको होती.

दोन कोटींच्या वर उरल्या होत्या.

तिला पहिल्यांदा आपलीच चूक वाटली. मग तिनं त्या ओळी कुणाच्या आहेत ते पाहिलं. सगळ्या एकाच माणसाच्या होत्या. म्हेत्रे भिमाजी, चेंबर तीन, आत जाण्याची वेळ बारा मार्च दोन हजार एकोणीस, सकाळी आठ वाजून सहा मिनिटं. बाहेर येण्याच्या वेळेचा रकाना रिकामा.

अट बरोबर पाळली गेली होती. नोंद मिटलेली नाही, म्हणून ओळी हलल्या नाहीत. मनवाला हसू आलं. बिल्ला आतच कुठंतरी क्रेटमागे पडला असणार आणि गेली पावणेसात वर्षं बिचारा ओरडत बसला असणार. त्या माणसाच्या आजपर्यंतच्या सगळ्या ओळी तिनं मोजल्या. दोन कोटी तेरा लाख आणि वर काही. तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन तिनं सहज पुन्हा मोजलं. दहा मिनिटं झाली होती. आकडा साठानं वाढला होता.

कल्याणरावांना तिनं विचारलं, बिल्ल्याची बॅटरी किती दिवस चालते. अकरा महिने, ते म्हणाले. बाराव्या महिन्यात बदलावीच लागते.

"आणि हा भिमाजी म्हेत्रे कोण?"

कल्याणराव हातातला कागद खाली ठेवत म्हणाले, मिरजगावचा. पूर्वी होता आपल्याकडे, क्रेट लावायला. मग सोडून गेला.

म्हणजे माणूस जिवंत होता, चांगला सुखरूप होता. मनवानं मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग तिच्या लक्षात आलं, की तिला आपोआपच वाईट शंका आली होती.

३

हरवलेला बिल्ला एका जागी पडून राहतो. मनवाला ते बघायचं होतं. चेंबरच्या चार कोपऱ्यांत चार डबे होते आणि बिल्ल्याचा आवाज ज्या डब्याला जवळून ऐकू येई त्याचा आकडा प्रत्येक ओळीत असे. एकच आकडा सलग सापडला असता तर तिनं कल्याणरावांना सांगितलं असतं, चार नंबरच्या कोपऱ्यात शोधा, आणि विषय मिटला असता.

आकडा बदलत होता.

तिनं परवाचा एक दिवस काढला. सकाळी आठला हालचाल सुरू. एक नंबरच्या कोपऱ्यापासून तीनपर्यंत, तिथून परत, रांगेरांगेनं, क्रेट लावणारा माणूस जसा फिरतो तसं. साडेदहाला थोडा थांबा. एक वाजता दार. बरोबर एक ते सव्वा, पंधरा मिनिटं, दाराशी. मग पुन्हा आत. रात्री दहा ते पहाटे पाच कोपरा दोन, हालचाल नाही. कल्याणरावांकडून तिनं नकाशा मागून घेतला. कोपरा दोन म्हणजे जिथं पंख्यांचा वारा सगळ्यात कमी लागतो ती जागा.

मग तिनं दुसरा दिवस काढला. मागच्या वर्षीचा. मग दोन हजार एकवीसचा, पाडव्याचा. मग एक रविवार, शीतगृह बंद असतानाचा. सगळे दिवस तसेच होते. दुपारी एकला दाराशी पंधरा मिनिटं, आणि परत.

तिला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला नुसती विलक्षण उत्सुकता वाटत होती. सिग्नल भिंतींवर आपटून उलटत असेल. दुसऱ्याच कुणाच्या बिल्ल्याला हाच नंबर दिला गेला असेल. तिनं एकेक शक्यता घेतली आणि एकेक खोडली. नंबर दुसऱ्या कुणाला दिलेला नव्हता. रविवारी आत कुणीही नव्हतं. दाराजवळचं यंत्र, जे बाहेर पडणाऱ्याचा बिल्ला वाचून नोंद मिटवतं, ते उत्तम चालू होतं. रोज वीस माणसं त्याच्यासमोरून बाहेर येत होती. एका बिल्ल्याला तेवढं ते ओळखत नव्हतं.

बारा मार्चचं मात्र एक उत्तर मिळालं. त्या दिवशी दुपारी बारा पन्नास ते दीड वाजेपर्यंत एकही ओळ नव्हती. वीज गेली होती, जनरेटर लागला नव्हता, कॉम्प्युटर बंद होता. कल्याणरावांना आठवत होतं. अंधारात हातानं दार उघडून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. भिमाजी सगळ्यात शेवटी आला.

"बरा होता?"

"गप होता," कल्याणराव म्हणाले. "गारठला असेल म्हणून आम्ही उन्हात बसवला. चहा दिला तर घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आलाच नाही कामाला. निरोप धाडला, नको म्हणून."

नोंद हातानं मिटवणं अर्ध्या मिनिटाचं काम होतं. कल्याणरावांनीच ते सुचवलं. माणूस त्या दिवशी दीड वाजता बाहेर आला, मी स्वतः पाहिलंय, लिहून टाका. पण मनवाचा हात अडला. यंत्रानं केलेल्या नोंदींत आपल्या हातानं काही घालायचं तर कुणाच्या सांगण्यावरून घातलं ते नाव तिथं लिहावं लागतं, आणि तो शेरा कायमचा राहतो. नाव कल्याणरावांचं चाललं असतं. तरीही ती म्हणाली, त्या माणसालाच एकदा विचारते, बिल्ला कुठं आहे ते.

"कशाला जाता, मॅडम," कल्याणराव म्हणाले. थांबवायचं असूनही न थांबवता येणाऱ्या माणसासारखं त्यांनी ते म्हटलं. मग जुन्या रजिस्टरातून पत्ता काढून दिला.

४

दुसऱ्या दिवशी मनवा नगरहून पहिल्या एसटीनं मिरजगावला उतरली. डिसेंबरचा गारठा कडक होता. स्टँडवर माणसं कानटोप्यांत तोंड खुपसून उभी होती आणि बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. म्हेत्र्यांचं घर गावाबाहेर वस्तीवर होतं. पत्र्याचं छप्पर, दारात म्हैस, तुराट्यांचा भारा.

लंकाबाई म्हशीखालचं शेण भरत होत्या. शीतगृहातून आले म्हटल्यावर त्यांनी पाटी खाली ठेवली, हात धुतले, आणि काही न विचारता आत जाऊन चहाचं आधण टाकलं.

भिमाजी ओट्यावर बसले होते. पन्नाशीचे, उंच, अंगात नुसता सदरा. मनवानं नमस्कार केला, काका म्हणाली, आणि कामाचं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस सौम्य होता. बोलायच्या आधी थोडा थांबायचा, जसं कुणी दुरून निरोप येण्याची वाट बघावी.

त्या दिवशी तुम्ही बाहेर किती वाजता आलात, तिनं विचारलं.

"दार उघडं हुतं," भिमाजी म्हणाले. "आलो."

"आणि तुमचा बिल्ला?"

ते पुन्हा थांबले.

"त्यो आतच हाय."

तिनं मान डोलावली, वहीत लिहिलंही. मग चहा आला. लंकाबाई म्हणाल्या, घ्या ताई, गारठा लई हाय, आणि त्यांच्या शब्दांबरोबर वाफ निघाली. मनवानं आभार मानले तेव्हा तिच्याही तोंडातून निघाली. म्हैस फुरफुरली, तिच्या नाकपुड्यांतून दोन लोट निघाले. भिमाजी म्हशीकडे बघून तिला पेंड घालायला हवी असं काहीतरी बोलले. चांगलं लांबलचक वाक्य होतं. त्यांच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ राहिली.

मनवानं कप खाली ठेवला. पुन्हा बोलतील म्हणून तिनं शेतीचं विचारलं. त्यांनी ज्वारीचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं. ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. शब्द येत होते, आणि शब्दांबरोबर दुसरं काहीच येत नव्हतं.

५

लंकाबाई तिला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. वस्ती दिसेनाशी झाल्यावर त्या थांबल्या. मशीनमधी काय हाय, त्यांनी विचारलं.

मनवाला खोटं बोलता आलं असतं. पण त्या बाईनं इतक्या सरळ विचारलं होतं, की तिनंही सरळ सांगितलं. कॉम्प्युटरप्रमाणे ते अजून आत आहेत. दिवसभर काम करतात. रात्री वारा कमी लागतो त्या कोपऱ्यात थांबतात. दुपारी एक वाजता दाराशी येतात, पाव तास उभे राहतात, आणि परत जातात.

लंकाबाई रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या.

"एकच्या ठोक्याला जेवन लागायचं त्यांला," त्या म्हणाल्या. "घड्याळ बगायचं न्हाईत. भूकच सांगायची."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. आधीचा भिमाजी तापट होता, थंडीचा भित्रा होता, दसऱ्यापासून गोधडी सोडायचा नाही. हसला तर शेजारच्या वस्तीवर ऐकू जायचं. त्या मार्चपासून जो घरी आहे तो कधी चिडला नाही. थंडीत उघड्यावर निजतो. वाढलं तर जेवतो, नाही वाढलं तर मागत नाही. एकदा त्यांनी मुद्दाम तीन दिवस वाढलंच नाही. त्यानं विचारलंही नाही. चौथ्या दिवशी त्यांचाच जीव राहवेना. पण शेत त्यानं नीट केलं. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं त्यानं केलं. मागच्या वैशाखात सत्यशीलाचं, पोरीचं लग्न लावून दिलं.

"वाईट न्हाई ओ त्यो," लंकाबाई म्हणाल्या. "लई चांगला हाय. मानसं म्हंत्यात, लंकाबाई, तुजं नशीब उघडलं. मी कुनाला काय सांगू? माजा मानूस न्हाई ह्यो, असं सांगू?"

थंडीनं, धक्क्यानं माणसं बदलतात असं मनवा म्हणून पाहू शकली असती. तिच्या डोळ्यांसमोर मात्र म्हशीच्या नाकपुड्यांतले लोट होते.

श्रीगोंद्याकडे जाणारी एसटी लांबून दिसायला लागली. लंकाबाई उठल्या, पदर सारखा केला.

"ताई, तुमाला त्यांला भाईर काडता येईल का?"

मनवा म्हणाली, नोंद मिटवता येईल. त्यानं काय होईल ते मला माहीत नाही. काहीच होणार नाही, असंही असेल.

"मिटवा," लंकाबाई म्हणाल्या. "कुनी सांगितलं म्हनून इचारलं तर माजं नाव लिवा."

६

मनवा श्रीगोंद्यावरून काष्टीला पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. वाटेत तिनं स्वतःशी बराच वाद घातला. वाफेचं कारण सूर्य असेल, ती ज्या कोनातून बघत होती तो कोन असेल. बिल्ल्याचं कारण कुठल्यातरी तारेत असेल. अर्धी नोंद मिटवल्यानं फक्त एक टेबल हलकं होतं, बाकी जगात काही हलत नाही. हे सगळं तिला पटत होतं. तरी कल्याणरावांना तिनं सांगितलं, नोंद मिटवायच्या आधी एकदा आत उभं राहायचंय, एक वाजता. आणि पाच मिनिटं पंखे बंद करा.

जाड दार सरकलं. दाराआड प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्यांचा पडदा होता, तो सारून ती आत गेली. लॅपटॉप तिनं कल्याणरावांकडे दिला आणि त्यांना पडद्याबाहेर, दारातच थांबायला सांगितलं.

आत डाळिंबांचा किंचित आंबूस वास होता. लाल-निळ्या क्रेटच्या थप्प्या छतापर्यंत, मधून माणूस जाईल एवढ्या गल्ल्या. पंखे घरघरत थांबले. ती शांतता तिला अपेक्षेपेक्षा जड वाटली. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. थंडीनं क्रेट अधूनमधून कट्‌ करून वाजत होते, एक इकडे, एक तिकडे. ते वाजणं जवळ येतंय असं तिला वाटलं. मग ते आपल्या मनाचे खेळ आहेत असं तिनं ठरवलं. मग ते खरोखरच तिच्याजवळच्या थप्पीपाशी वाजलं आणि थांबलं.

तिनं घड्याळ पाहिलं. एक वाजला होता.

ती दाराकडे तोंड करून उभी होती. तिच्या तोंडातून वाफ निघत होती, लहान लहान, घाईघाईनं, कारण ती भ्यायली होती. तिनं श्वास रोखून धरला. शेवटची वाफ तिच्यासमोर विरली आणि हवा मोकळी झाली.

तेव्हा दाराजवळ, हातभर अंतरावर, उंच माणसाचं तोंड असावं तेवढ्या उंचीवर, एक वाफ उमटली. विरली. पुन्हा उमटली. दमलेल्या माणसाचा संथ श्वास होता तो. त्याच्या मागेपुढे काहीच नव्हतं, नुसता पडदा आणि पडद्यापलीकडे कल्याणरावांची पुसट आकृती.

मनवा किती वेळ उभी होती ते तिला सांगता आलं नाही. भीती होती, पण भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी होतं. तो श्वास तिथं पावणेसात वर्षं उभा होता, रोज, जेवायच्या वेळेला, आणि दार त्याला ओळखत नव्हतं. ती त्याला वळसा घालून, अंग चोरून, पडद्यातून बाहेर आली. कल्याणरावांच्या हातातला लॅपटॉप तिथंच उघडला. बोटं बधिर झाली होती. म्हेत्रे भिमाजी, चेंबर तीन. बाहेर येण्याची वेळ, आजची तारीख, तेरा वाजून चार मिनिटं. कोणाच्या सांगण्यावरून, लंकाबाई म्हेत्रे, पत्नी. तिनं कळ दाबली.

दाराजवळच्या यंत्रावर हिरवा दिवा लागला. पडद्याच्या पट्ट्या मधोमध बाहेरच्या बाजूला सरकल्या आणि हलत राहिल्या. गारव्याचा एक झोत त्यांच्या अंगावरून गेला, एकदम नाही, चालत्या माणसाच्या गतीनं.

कल्याणराव दारातून एक पाऊल बाजूला झाले होते.

"तुम्ही बाजूला का झालात?" मनवानं विचारलं.

ते आपल्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, वाट द्यायला. कुणाला, ते त्यांना सांगता येईना.

मनवानं मोजलं. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं. आकडा वाढला नव्हता. चक्र सुरू केल्यावर तीन महिन्यांच्या मागच्या त्या दोन कोटींवर ओळी संध्याकाळपर्यंत मुकाट जुन्या टेबलात गेल्या, आणि दोन्हीकडचे आकडे ओळीला ओळ जुळले.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मनवा घरी अहवाल लिहीत बसली होती, तेव्हा लंकाबाईंचा फोन आला. आवाज दबका होता, शेजारी कुणी निजलेलं असलं की काढतात तसा.

ते आलेत, लंकाबाई म्हणाल्या. काल दिवेलागणीला कुणाच्यातरी टेम्पोतून उतरले. टेम्पोवाल्याला श्रीगोंद्याच्या अलीकडे रस्त्यानं चालताना दिसले म्हणे, अंग लाकडासारखं गार. तीन गोधड्या घातल्या तरी कुडकुडतायत. सात भाकरी खाल्ल्या. काल सकाळीच कामाला गेलो होतो असं म्हणतायत. पोर शाळेतून का आली नाही म्हणून रात्रभर विचारत होते. तिचं लग्न झालं, सासू वारली, हे कसं सांगायचं ते तुम्हीच सांगा.

मनवानं विचारलं, आणि काका? म्हणजे, जे घरी होते ते?

पलीकडे म्हशीची फुरफुर ऐकू आली; लंकाबाई ओट्यावर आल्या असाव्यात.

"काल एकला मी त्यांला वाढलं," लंकाबाई म्हणाल्या. "पयला घास घेतला आन् थांबले. दाराकडं बगितलं. उठले, हात धुतले. म्हनले, येतो. मी इचारलं न्हाई कुटं. वाटंला भाकर बांदून दिली. त्यांला भूक न्हाई लागत, ठाव हाय मला. तरी दिली. घेतली त्यांनी."

"कुठल्या बाजूला गेले?"

"श्रीगोंद्याच्या रस्त्यानं. चालत."

मनवा खिडकीपाशी गेली. बाहेर सावेडीची सकाळ नेहमीसारखी चालली होती. कुणीतरी गाडी धूत होतं.

"ताई, एक काम करा," लंकाबाई म्हणाल्या. "त्यांनी सात वर्सं माज्या घराला उन लागू दिलं न्हाई. तितं गेल्यावर त्यांला कुनी वळखनार न्हाई. दाराभाईर उबं ऱ्हातील गपचूप, मागनार बी न्हाईत. तेवडं दार उघडं ठिवाय सांगा."

सांगते, मनवा म्हणाली. तिनं फोन ठेवला. मोजायला आता काही नव्हतं, आणि कुठलीही शक्यता खोडावी असं तिला वाटत नव्हतं. मग तिनं कल्याणरावांना फोन लावला. आज चेंबर तीनचं दार उघडं ठेवाल का, असं तिनं विचारलं. भरल्या चेंबरचं दार उघडं ठेवणं म्हणजे काय, ते तिला माहीत होतं, आणि सोमवार दोन दिवसांवर होता.

कल्याणरावांनी कुणासाठी ते विचारलं नाही.

"किती वेळ ठेवू?" एवढंच ते म्हणाले.

"ते पायी निघालेत," मनवा म्हणाली. "मिरजगावाहून."